डावी भिंत जाड काढा

एकतीस वर्षं मी फळ्यावर हृदय काढत आले. अभ्यासक्रम बदलला, पुस्तकांची मुखपृष्ठं बदलली, हा धडा कधी या इयत्तेत तर कधी त्या इयत्तेत गेला, आकृती मात्र तीच. निळ्या खडूनं उजवी बाजू, लाल खडूनं डावी. वर दोन लहान कप्पे, ती अलिंदं; खाली दोन मोठे, ती निलयं. आणि मग माझं ठरलेलं वाक्य, जे माझे विद्यार्थी आजही साताऱ्याच्या पोवई नाक्यावर भेटले की मलाच ऐकवतात: “डावी भिंत जाड काढा. दोन्ही सारख्या काढल्यात तर अर्धा मार्क गेला.”

का जाड, हे विचारणारं पोर वर्गात एखादंच. त्याच्यासाठी उत्तर तयार असायचं. उजव्या निलयाला रक्त शेजारच्या फुप्फुसात पोचवायचं, डाव्याला डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत. शेजारी भाजीची वाटी नेऊन द्यायला आणि गावजेवण वाढायला सारखंच बळ लागतं का? पोरं हसायची, मी फळा पुसायचे. आकडे सांगायचे तर डाव्या निलयात दाब १२० पर्यंत चढतो, उजव्यात जेमतेम २५. उजवी भिंत तीन-चार मिलिमीटरची, डावी त्याच्या अडीच-तीन पट. एवढं सांगितलं की धडा संपला.

नावांचं मला फार अप्रूप होतं. अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी आणि निलय म्हणजे राहतं घर. रक्त आधी ओसरीवर टेकतं, मग घरात येतं. आलेल्याला सेकंदाच्या आत बाहेर काढणारं हे घर, तेव्हा नाव ठेवणाऱ्यानं पाहुणचाराचा विचार फारसा केला नसावा. पण ओसरी पातळ भिंतींची आणि घर जाड भिंतींचं, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं.

मी निवृत्त झाले आणि दीड वर्षानं दादाचा टू-डी इको झाला.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आधी पाच वर्षं मालट्रक, मग रिटायर होईपर्यंत एसटी. खंबाटकीचा घाट त्यानं किती वेळा चढला-उतरला याचा हिशोब त्यालाही लागणार नाही. बीपी त्याला चाळिशीतच निघालं होतं. गोळी सुरू झाली, पंधरा दिवस खाल्ली, मग बंद. “डोकं न्हाय दुखत, चक्कर न्हाय येत, मग गोळी कशाला?” यावर वीस-बावीस वर्षं गेली. मध्ये कुणी मोजलं की १६०, १७० यायचं. तो म्हणायचा, “मशीन बिघडलंय.” मग एका लग्नात कार्यालयाचा दुसरा मजला चढताना तो अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभा राहिला. मागून येणाऱ्यांना वाट देतोय असं दाखवत होता, पण वहिनीनं ओळखलं.

इकोच्या खोलीत अंधार. दादा डाव्या कुशीवर, छातीवर गार जेल, डॉक्टर एका हातानं प्रोब फिरवतायत आणि दुसऱ्या हातानं बटणं दाबतायत. पडद्यावर करड्या धुक्यात काहीतरी उघडमीट करत होतं. एवढी वर्षं मी ज्याची आकृती काढली, ते हलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. खडूच्या रेघा कधी हलल्या नव्हत्या. डॉक्टरांनी चित्र थांबवलं, भिंतीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ठिपक्यांची रेघ मारली आणि म्हणाले, “चौदा.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “डावी जाडच असते ना, डॉक्टर?”

“असते, मॅडम. दहा-अकरापर्यंत. ही चौदा मिलिमीटर आहे.”

माझ्या परीक्षेत त्या आकृतीला पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

रिपोर्टवर लिहिलं होतं कॉन्सेंट्रिक एलव्हीएच, म्हणजे डाव्या निलयाची भिंत सगळीकडून जाड, आणि त्याखाली डायस्टॉलिक डिस्फंक्शन. पंपिंग साठ टक्के. वहिनीनं तेवढंच वाचलं आणि सुटकेचा श्वास सोडला. “पंपिंग तर चांगलंय की.” आपल्याकडे घरोघर असंच आहे. हृदयाचा रिपोर्ट म्हणजे पंपिंगचा आकडा, बाकीचं डॉक्टरांना. डॉक्टर म्हणाले, “पंपिंग चांगलंच आहे. भरणं बिघडलंय. भिंत जाड झाली, त्यामुळे कडक झाली. आकुंचन पावते, पण सैल पडायला वेळ घेते.” मी जीवशास्त्राची मास्तरीण, पण सैल पडणं हेसुद्धा काम असतं, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नव्हतं.

रिक्षात दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे पाटे टाकल्यागत झालं.”

मला कळेना.

“मालट्रकला जादा लोड मारायचा आसला की कमानीत जादा पाटे टाकत्यात. मग गाडी बसत न्हाय. दहा टनाच्या जागी पंधरा घाल, पळती. पण रिकामी माघारी आणताना मरणाचे दणके. पाटे वाकतच न्हाईत ना. डायवरची कंबर जाती.”

त्यानंतर मी पुष्कळ वाचलं, जुन्या सवयीनं वहीत टिपणंही काढली. पण दादाच्या कमानपाट्यांच्या पुढं जाणारं काही सापडलं नाही, फक्त तपशील सापडले.

तपशील असे. पोकळ गोलाच्या भिंतीवर किती ताण येतो याचा नियम लाप्लासच्या नावानं ओळखला जातो. आतला दाब वाढला की ताण वाढतो, पोकळी मोठी झाली की ताण वाढतो, भिंत जाड झाली की तोच ताण जास्त स्नायूंत वाटला जातो. बीपी वाढलं म्हणजे डाव्या निलयाला प्रत्येक ठोक्याला जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. मग ते भिंत जाड करतं, आणि करता करता अशा मापावर येतं की एकेका धाग्यावरचा भार पुन्हा पूर्वीइतका व्हावा. हे विकृत नाही, शहाणपणाचं आहे. हमालाचे खांदे भरतात तसंच. फरक एवढाच की हमाल रात्री ओझं उतरवतो.

दुसरी अडचण अशी की हृदयाच्या स्नायूपेशी नव्यानं जवळपास तयारच होत नाहीत. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हे मोठ्या युक्तीनं मोजलं. शीतयुद्धाच्या काळात अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढलं, मग कमी होत गेलं. पेशीच्या डीएनएतलं त्याचं प्रमाण पाहिलं की ती पेशी साधारण कोणत्या वर्षी जन्मली ते कळतं. उत्तर आलं: पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी बदलतात, आणि पंच्याहत्तरीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे काम वाढलं म्हणून नवी माणसं घेता येत नाहीत, आहेत त्यांनीच जास्त राबायचं. दाबाचा भार आला की पेशीच्या आत आकुंचनाचे धागे एकाशेजारी एक रचले जातात आणि पेशी जाड होते. रक्ताचं आकारमान वाढलं तर ते एकापुढं एक जोडले जातात आणि पेशी लांब होते. पहिल्यात भिंत जाड, दुसऱ्यात पोकळी मोठी. निलयाकडं उत्तरं ही दोनच, आणि त्यांच्या कमी-जास्त भेसळी.

आणि भार वर्षानुवर्षं उतरलाच नाही, तर धाग्यांच्या मधल्या जागेत चिवट तंतू साचतात, जखमेचा व्रण असतो तसल्या जातीचे. भिंत कडक होते. त्यात भर म्हणजे डाव्या निलयाच्या भिंतीला स्वतःचं रक्त मिळतं ते बहुतेक ती सैल पडलेली असताना. आवळलेल्या भिंतीतून तिच्याच रक्तवाहिन्या दाबल्या जातात. सगळ्यांना वाढून झाल्यावर आपलं ताट घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यामुळे हे वाचून नवल वाटलं नाही. नाडी वाढते तेव्हा दोन ठोक्यांमधला जो वेळ कापला जातो तो मुख्यतः या सैलपणाचा. दादाला जिन्यात धाप लागली ती म्हणून. त्याचं हृदय रक्त फेकायला कमी पडत नव्हतं. घाईत भरून घेणं त्याला जमत नव्हतं, आणि न भरलेलं रक्त मागं फुप्फुसात तुंबत होतं.

हे झालं वर्षांच्या हिशोबातलं. पण निलय ठोक्याठोक्यालाही जुळवून घेत असतं, आणि त्याची मला जास्त मौज वाटते. १८९५ मध्ये ओटो फ्रांकनं बेडकाच्या हृदयावर दाखवलं की निलय जितकं जास्त भरून ताणलं जाईल तितकं ते जोरात आकुंचन पावतं. पुढं लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंगनं १९१४ च्या सुमारास कुत्र्याच्या हृदयावर तेच पक्कं केलं. आलं तेवढं बाहेर, मेंदूला विचारायची गरज नाही. बीएस्सीला बेडूक मीही फाडले होते. त्याला निलय एकच असतं, त्यामुळे पुढचा प्रश्न बेडकाला पडत नाही. आपली निलयं दोन, एकामागं एक जोडलेली. त्यांचा हिशोब किती काटेकोर राहावा लागतो हे बघायला मी एकदा गणित केलं. समजा, उजव्यानं दर ठोक्याला डाव्यापेक्षा फक्त एक मिलिलिटर, म्हणजे चमच्याचा पाचवा हिस्सा, जास्त रक्त पाठवलं. मिनिटाला सत्तर ठोके. तासाभरात ४,२०० मिलिलिटर रक्त फुप्फुसात जास्तीचं. अंगात सगळं मिळून रक्त पाच लिटर! माणूस तासाभराच्या आत बुडाला असता. तसं होत नाही, कारण जास्त आलेलं रक्त डाव्याला जास्त ताणतं आणि डावं तेवढंच जास्त फेकतं. जन्मभर, दिवसाला लाखभर ठोके, हा हिशोब पैशाला पैसा जुळतो. आमच्या शाळेच्या सहलीचा कधी जुळला नाही.

दादाची मुलगी, माझी भाची, पळते. सातारची हिल मॅरेथॉन, यवतेश्वरचा घाट वर आणि खाली, एकवीस किलोमीटर. आधी हौस म्हणून, आता वेड म्हणून. बापाचा रिपोर्ट बघून ती घाबरली आणि त्याच डॉक्टरांकडं गेली. तिची नाडी निवांत असताना ४८. इकोत डाव्या निलयाची पोकळी नेहमीपेक्षा मोठी, भिंतही किंचित जाड. तिनं मला फोन केला, “आत्या, माझंपण हार्ट मोठं आलंय.” आवाज रडवेला.

तिला मी हेन्शनची गोष्ट सांगितली. सालोमोन हेन्शन हा स्वीडनमधल्या उप्सालाचा डॉक्टर. १८९९ साली, इको तर सोडाच, छातीच्या क्ष-किरणांचंही नवल नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा, त्यानं बर्फावर स्कीवरून लांब पल्ल्याच्या शर्यती धावणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी ठोकून, भरीव आवाज कुठं संपतो आणि पोकळ कुठं सुरू होतो ते ऐकून हृदयाचा आकार काढला. आपण कलिंगड वाजवून बघतो, त्याच रीतीनं. त्याचा निष्कर्ष होता की शर्यत धावणाऱ्यांचं हृदय मोठं होतं आणि ते मोठं हृदय साध्या हृदयापेक्षा जास्त काम करू शकतं. पुढं अनेक वर्षं डॉक्टरांमध्ये यावर वाद होता. मोठं हृदय म्हणजे आजारी हृदय, असं मानणाऱ्यांची संख्या कमी नव्हती.

मग भाचीचं आणि तिच्या बापाचं यांत फरक काय? दोघांनीही भार दिला. डॉक्टरांनी तिला जे समजावलं ते मला पटलं. तिचा भार दिवसातून तासभर. उरलेले तेवीस तास तिचं निलय निवांत, हळू ठोक्यांचं, पोटभर भरून घेणारं. ते मोठं झालं पण मऊ राहिलं, भिंत झटकन सैल पडते, उलट साध्या माणसापेक्षाही चांगली. दादाच्या निलयाला बावीस वर्षं झोपेतसुद्धा घाट चढायचा होता, फर्स्ट गिअरमध्ये. शंका आलीच तर डॉक्टर खेळाडूला काही महिने पळणं बंद करायला सांगतात. सरावानं जाड झालेली भिंत उतरते, आजारानं जाड झालेली तशीच राहते. भाचीला हा उपाय सुचवला तेव्हा ती म्हणाली, त्यापेक्षा आजारी असलेलं बरं.

वाढून परत पूर्ववत होण्याचं म्हणाल तर मला ते अंगानं माहीत आहे, फक्त तेव्हा कळलं नव्हतं. पोटुशी असताना सातव्या महिन्यापर्यंत मी वर्ग घेतले. दुसऱ्या मजल्यावर पोचले की खुर्ची ओढून बसायचे, मुलांना वाटायचं बाई रागावल्यात. गरोदरपणात हृदय मिनिटाला नेहमीपेक्षा तीस ते पन्नास टक्के जास्त रक्त फेकतं, डावं निलय त्यासाठी वाढतं आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत परत पूर्वीसारखं होतं. प्राण्यांत याच्या वरताण अजगर. ब्रह्मदेशी अजगरानं मोठी शिकार गिळली की दोन दिवसांत त्याच्या निलयाचं वजन चाळीस टक्क्यांनी वाढतं, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. जेवण पचलं की परत लहान. हे मला शाळेत असताना माहीत असायला हवं होतं. शेवटच्या बाकावरचेही जागे झाले असते.

खरा धक्का मला बसला तो एका तान्ह्या बाळामुळे. माझ्या एका विद्यार्थिनीला मुलगा झाला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला निळसर पडल्यामुळं मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेली. डाव्या निलयातून निघालेली नळी फुप्फुसाकडं आणि उजव्यातून निघालेली अंगाकडं. धमन्या कापून परत योग्य जागी शिवायचं ऑपरेशन असतं. ब्राझीलच्या आदिब जातेनी यांनी १९७५ मध्ये ते पहिल्यांदा यशस्वी केलं. ते या बाळाचंही ठरलं, पण सर्जननी आईबापाला सांगितलं की फार थांबता येणार नाही, काही आठवड्यांतच करायला हवं. तिनं मला फोनवर विचारलं, “बाई, एवढंसं बाळ. थोडं मोठं झाल्यावर का नाही करत?”

कारण शोधायला मी वाचत गेले आणि खुर्चीत सरळ होऊन बसले. या बाळांच्या डाव्या निलयाला फक्त फुप्फुसात रक्त पाठवायचं असतं. जन्मानंतर फुप्फुसातला दाब उतरत जातो आणि काम हलकं झालं की डावी भिंत आठवड्यांच्या हिशोबात पातळ पडते. उशीर केला तर ऑपरेशननंतर सगळ्या अंगाचा भार एकदम अंगावर आलेलं ते निलय तो पेलू शकत नाही. नावाचं डावं, पण ताकद उजव्याची.

आणि त्याआधीची गोष्ट तर याहून मोठी. पोटातल्या गर्भाच्या दोन्ही निलयांच्या भिंती जवळपास सारख्याच जाड असतात. फुप्फुसं तेव्हा मिटलेली, पाण्यानं भरलेली. उजवं निलय आपलं बहुतेक रक्त बाजूच्या वाटेनं थेट अंगाकडंच पाठवतं, आणि कामात ते डाव्यापेक्षा कणभर पुढंच असतं. बाळ पहिला टाहो फोडतं, फुप्फुसं उघडतात, उजव्याचा भार उतरतो, डाव्याचा चढतो. त्यानंतर डावी भिंत जाड व्हायला लागते.

म्हणजे दोन्ही भिंती सारख्या काढणाऱ्या पोराचा मी जो अर्धा मार्क कापत होते, त्यानं फक्त न जन्मलेल्या बाळाचं हृदय काढलं होतं. डावी भिंत जाड असते, असं मी एकतीस वर्षं सांगितलं. जाड होते, असं सांगायला हवं होतं. एका शब्दाचा फरक, पण त्याच्या एका टोकाला ते बाळ होतं आणि दुसऱ्या टोकाला दादा. (बाळाचं ऑपरेशन वेळेत झालं. आता बालवाडीत आहे आणि बाईंना चावतो, असं कळलं.)

उजव्या निलयाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून थोडी अपराधी भावना आहे. निळ्या खडूची दोन मिनिटं देऊन मी ते मिटवून टाकायचे. ते पातळ असतं, मिळेल त्या पाहुण्याला सामावून घेतं, पण दाबाविरुद्ध ढकलायला सांगितलं की लवकर हात टेकतं. याचा पुरावा आपल्याच सैनिकांनी दिलाय. साताऱ्याकडं घरटी माणूस फौजेत असलेली गावं आहेत, अपशिंगे मिलिटरी तर नावातच ते घेऊन मिरवतं, त्यामुळे सियाचीनचं नाव आमच्याकडं भूगोलाच्या पुस्तकाबाहेर येतं. उंचावर हवा विरळ असते. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातल्या बारीक धमन्या आवळतात आणि सगळा भार येतो उजव्या निलयावर. ५,८०० ते ६,७०० मीटर उंचीवर आठवडेच्या आठवडे राहिलेल्या २१ भारतीय जवानांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. तरणीबांड, निवडून घेतलेली पोरं. धाप, पायांना सूज, पोटात पाणी, उजवं निलय फुगलेलं. त्यांच्यावरचा मुख्य उपाय डोंगराइतका सरळ होता. त्यांना खाली आणलं. काही आठवड्यांत त्यांची हृदयं पूर्ववत झाली.

याच्या उलट टोकाला भारच काढून घेतला तर? १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा असं निघालं की तीस वर्षांच्या वयानं त्यांची दमसास जेवढी कमी केली नव्हती तेवढी त्या तीन आठवड्यांच्या झोपेनं केली होती. अंतराळवीर स्कॉट केली ३४० दिवस अंतराळात राहिला, तिथं जवळपास रोज व्यायाम करूनही त्याचं डावं निलय हळूहळू हलकं होत गेलं. रक्त वर चढवायला वर-खालीच उरलं नाही. वहिनीनं रिपोर्टनंतर दादाला खुर्चीतून उठूच द्यायचं नाही असा चंग बांधला होता, तो मी या पाच तरुणांच्या जोरावर मोडला.

एका प्रकारापुढं मात्र हा भाराचा हिशोब थांबतो. आपण म्हणतो, त्यानं हाय खाल्ली. मुलगा गेला आणि म्हातारीनं हाय खाल्ली. मी याला बोलण्याची रीत समजत होते. १९९० मध्ये हिरोशिमाच्या हिकारू साटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रुग्ण नोंदवले की ज्यांना हार्ट अटॅकसारखीच कळ आली, पण हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या. डाव्या निलयाचं टोक मात्र लुळं पडून फुगलेलं आणि मान आवळलेली. तो आकार त्यांना ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसला, म्हणून नाव टाकोत्सुबो. बहुतेक वेळा पाळी गेलेल्या बायका, बहुतेक वेळा आधी काहीतरी अचानक कानावर आलेलं. अ‍ॅड्रेनालिनचा लोंढा हे कारण मानलं जातं. बहुतेकजणी काही आठवड्यांत बऱ्या होतात, काही होत नाहीत. आमच्या भाषेनं हे आधीच नोंदवून ठेवलं होतं. फक्त काळीज म्हणताना तिनं नाव यकृताचं घेतलं. खाटकाकडं कलेजी मागून पाहा.

दादाला गोळ्या सुरू झाल्या. बीपीच्या दोन, त्यातली एक ठोका हळू करणारी. त्यावर त्याचा आक्षेप होता. “आधीच धाप लागतीय, त्यात इंजिन आणि स्लो करायचं?” त्याची शंका अगदीच अडाणी नव्हती. कमजोर हृदयाला बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोका हळू करणारी ही औषधं, द्यायचे नाहीत, असंच वैद्यकशास्त्र एकेकाळी मानायचं. स्वीडनमध्ये १९७५ च्या सुमारास काही डॉक्टरांनी ते देऊन पाहिले, रोगी सुधारले, आणि बाकीच्या जगाला पटायला जवळपास पंचवीस वर्षं लागली. दादाचं प्रकरण वेगळं, त्याचं पंपिंग चांगलं होतं. पण ठोका हळू झाला की कडक भिंतीला भरून घ्यायला वेळ मिळतो. मी त्याला म्हटलं, “तूच म्हणालास ना, पाटे वाकत नाहीत? मग खड्ड्यातनं गाडी हळूच घ्यायची.” यावर तो गप्प बसला. तीस वर्षांत दादाला पहिल्यांदा काहीतरी पटवल्याचं समाधान मला मिळालं.

मीठ बंद, म्हणजे आमच्याकडं लोणचं, पापड आणि चटणी बंद, म्हणजे जेवणच बंद, अशी वहिनीची तक्रार. सकाळी साताऱ्याच्या डोंगरउतारावरच्या ‘चार भिंती’ या जागेपर्यंत चढून जायचं, दम लागला की थांबायचं. हे तो करू लागला, आधी माझ्या धाकानं, मग तिथं जमणाऱ्या रिटायर मंडळींच्या गप्पांसाठी.

दीड वर्षानं परत इको. तीच अंधारी खोली, तेच गार जेल. डॉक्टरांनी चित्र थांबवलं, ठिपक्यांची रेघ मारली.

“बारा-साडेबारा,” ते म्हणाले. “मोजण्यात एखाद मिलिमीटर इकडंतिकडं होतं, त्यामुळे फार पेढे वाटू नका. पण कमी झालंय.”

वहिनीनं पंपिंग विचारलं. साठ. ती पुन्हा खूश.

दादा कुशीवरून मान वळवून पडद्याकडं बघायचा प्रयत्न करत होता. “डॉक्टर, ती पडदी जरा हिकडं फिरवा की. मला रिकामी गाडी बघायचीय.”

डॉक्टरांना कळलं नाही. मी सांगितलं, त्याला भिंत सैल पडताना बघायचीय. त्यांनी मशीन फिरवलं, चित्र परत चालू केलं आणि एका जागी बोट ठेवलं. करड्या धुक्यात भिंत आवळली, मग सुटली. आवळली, सुटली. दादा बराच वेळ बघत राहिला. घाटात पुढच्या गाडीचा अंदाज घेताना तो डोळे बारीक करायचा, तसे केले होते.

“दणका हाय अजून,” तो म्हणाला. “पण मधी एक पाटा काढल्यागत वाटतंय.”